तिच्या वाटणीचं अर्धं

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या रेनमार्कमध्ये जूनचा हिवाळा उजाडला की लोक गाडीला कुलूप लावायला लागतात. चोरांच्या भीतीने नाही. गाडी उघडी राहिली, तर दुकानातून परत येईपर्यंत मागच्या सीटवर कुणीतरी संत्र्यांची पिशवी ठेवून गेलेलं असतं. प्रत्येकाच्या दारात झाड आहे, प्रत्येक झाड लगडलेलं आहे, आणि खाणारी तोंडं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

थिओ लेफ्टेरींच्या दारातलं झाड संत्र्याचं नव्हतं, ग्रेपफ्रूटचं होतं. पपनसाच्या जातीचंच, पण लहान आणि जास्त कडवट. थिओ म्हणजे काका. आमचं घर त्यांच्या कुंपणाला लागून, त्यामुळे ग्रीक नसूनही मी लहानपणापासून त्यांना थिओ म्हणत आले आणि त्यांच्या बायकोला, स्टामातियाला, थिया, म्हणजे काकू. मागची संत्र्यांची बाग त्यांनी म्हातारपणी दुसऱ्याला कसायला दिली. पुढच्या व्हरांड्यासमोरचं हे एक झाड मात्र कुणाला दिलं नाही. ते थियाने नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी लावलेलं होतं.

त्या झाडाचं फळ हा त्या दोघांचा सकाळचा विधी होता. थिया एक फळ तोडून आणायची, आडवं कापायची, वाकड्या पात्याच्या छोट्या सुरीने एकेक फोड सालीपासून सोडवायची आणि निळ्या काठाच्या दोन बश्यांत दोन अर्धी ठेवायची. मग व्हरांड्यात समोरासमोर बसून त्यांचं रोजचं भांडण सुरू व्हायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत ते ऐकू यायचं.

"तुझं मोठं आहे," थिओ म्हणायचे.

"मधोमध कापलंय. पट्टी आणू का?"

"तू कापतेस ना, म्हणूनच विचारतोय."

"मग उद्यापासून तू काप. बोटं कापून घे आणि मला बोलव."

आणि मग थिया हसत हसत त्यांच्याच बशीतल्या दोन-चार फोडी उचलून तोंडात टाकायची. शेवटच्या वर्षात तर हे रोजचंच झालं होतं. थिओ कुरकुरायचे, पण बशी मागे ओढायचे नाहीत.

थिया गेली ती ऐन उन्हाळ्यात, फेब्रुवारीत. तेव्हा झाडावर फळं हिरवी होती. दफन झालं, चाळिसाव्या दिवसाचे शिजवलेले गहू वाटून झाले, मुलगा मानोली ॲडलेडला परत गेला. घर शांत झालं. हिवाळ्यात फळं पिवळी झाली, तेव्हा थिओंनी एका सकाळी पहिलं फळ तोडलं, आडवं कापलं, फोडी सोडवल्या आणि दोन बश्या मांडल्या. मांडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

हे त्यांनी मला नंतर, वसंत सरत आला तेव्हा सांगितलं. म्हणाले, "स्वतःची बशी संपवली. समोर तिची तशीच. त्यात रस साचलेला. टाकायची कशी? आमच्या बेटावर लढाईनंतर आम्ही गवत उकडून खाल्लंय. तिच्यादेखत कुणी अन्न टाकलेलं नाही या घरात." म्हणून ते उठले, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीत बसले आणि तिचं अर्धंही खाल्लं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग रोजच. झाड मात्र दोन माणसांच्या हिशेबाने फळत होतं, नव्हे, चारांच्या. खाली पडून सडणारी फळं बघवेनात, म्हणून दुपारी त्यांचा रसही काढून प्यायला लागले.

त्याच हिवाळ्यात त्यांचे पाय गेले.

आधी मांड्या. कुणीतरी ओला टॉवेल पिळावा तशा पिळवटून निघायच्या. मग पोटऱ्या, मग खांदे. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागायचा, चढताना थांबावं लागायचं. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी दांड्या रेटायच्या, एकदा झोका घ्यायचा आणि मग उठायचं. त्यांना वाटलं, दुःख आहे, दुसरं काय असणार. इतक्या वर्षांची सोबत सुटली की अंग दुखतंच. काम केलं की दुःख हलकं होतं असं त्यांनी ऐकलेलं, म्हणून त्यांनी कुदळ घेऊन कोंबड्यांचं जुनं खुराडं उकरून काढलं. त्यानंतरचा आठवडा ते अंथरुणातून नीट उठू शकले नाहीत.

दवाखान्यात गेले होते एकदा. आमच्याकडे डॉक्टर टिकत नाहीत, दर काही महिन्यांनी नवा चेहरा. त्या वेळचा पोरगेला डॉक्टर शहरातून आलेला. त्याने सगळं नीट विचारलं. कोलेस्टेरॉलची गोळी घेता, तिने स्नायू दुखू शकतात, आणखी काही औषधं घेता का, जडीबुटी, दारू? थिओ म्हणाले, नाही. खोटं बोलले नाहीत. इथे दारातलं फळ कुणी सांगत नाही. श्वास घेता का, असं विचारल्यावर तरी सांगतील की नाही कोण जाणे. डॉक्टरने रक्त तपासून या म्हणून सांगितलं. थिओ गेले नाहीत. तपासणीत काही निघालं, तर मानोलीला कळेल, ही भीती.

मानोलीला कळलं ते वेगळ्याच वाटेने. एका सकाळी थिओ झाडाखालच्या बुटक्या स्टुलावर बसून पडलेली फळं गोळा करत होते आणि त्यांना उठता येईना. त्यांचे मित्र पांदेली नेमके तेव्हा आले. पांदेलींचं वय तेवढंच, पोट दुप्पट.

"काय रे, अंडी उबवतोयस?"

"हात दे."

पांदेलींनी हात दिला, ओढलं, आणि तेच तोल जाऊन शेजारी बसले. मग दोघंही उठेनात. मी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडून आधी शिव्या ऐकू आल्या, मग हसणं. मी गेले तेव्हा दोघं म्हातारे फळांच्या ढिगात पाय पसरून बसले होते, आणि पांदेलींच्या डोळ्यांतून हसून पाणी येत होतं. मी आधी पांदेलींना उठवलं, मग दोघांनी मिळून थिओंना. उभे राहिल्यावर थिओ हसत नव्हते. त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता.

"मानोलीला सांगायचं नाही," ते दोघांना म्हणाले.

पांदेलींच्या तोंडात तीळ भिजत नाही. शनिवारी मानोली हजर झाला. तो शाळेत शिकवतो, शांत माणूस आहे. त्या दिवशीही त्याने आवाज चढवला नाही.

"बाबा, माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. ऊन येतं तिथे."

"ऊन इथेही येतं."

"इथे पडलास तर कोण आहे?"

"शेजारची पोरगी आहे. पांदेली आहे."

"पांदेली," मानोली म्हणाला, आणि पुढे काही बोलायची गरज पडली नाही.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "वसंताच्या सुट्टीत मी येईन. तेव्हा हाताचा आधार न घेता या खुर्चीतून उठून दाखव. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर घर विकायचं आणि माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

"तिथे हे झाड नाही."

"झाड लावू आपण तिथे, बाबा."

थिओंनी व्हरांड्याबाहेर पाहिलं. लावलेलं झाड फळायला किती वर्षं लागतात, हे बागायतदाराच्या मुलालाही ठाऊक होतं. "कबूल," ते म्हणाले.

जाण्याआधी मानोली दवाखान्यातल्या परिचारिकेला घरी येऊन बघायला सांगून गेला. तिचं नाव ग्लेनिस. जन्माने इथलीच, साठीला टेकलेली, मोठ्या आवाजाची बाई. ती आली तेव्हा थिओंचा नाश्ता नुकताच झाला होता. पाहुणा आला की काहीतरी पुढे करायचं, म्हणून त्यांनी तिच्यासाठी फळ कापायला घेतलं.

"लेफ्टेरी, सुरी खाली ठेवा. माझ्या परसात दोन झाडं आहेत. मला ग्रेपफ्रूट दाखवाल तर मी निघून जाईन."

"मग कॉफी."

"कॉफी चालेल." ती बसली, आणि तिची नजर ओट्यावर गेली. रिकाम्या सालींच्या वाट्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. शेजारी रसाचा जग. "हे सगळं कुणी खाल्लं?"

"मी."

"एकट्याने?"

"आता एकट्यानेच."

ग्लेनिसने खिडकीतलं गोळ्यांचं खोकं उचललं, डोळ्यांजवळ धरलं. त्यावर चिकटवलेली चिठ्ठी दोनदा वाचली.

"या गोळीबरोबर हे फळ खायचं नसतं. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असेल. गोळ्या ती काढून द्यायची."

"हे फळ पोटात असलं की शरीराला गोळी पचवून बाहेर टाकता येत नाही. ती साचत जाते. तुम्ही घेता एक, अंगात असतात अनेक. मग स्नायू ओरडतात."

"मी आयुष्यभर खातोय. आत्ताच कसं काय?"

"रोज किती खायचात?"

"अर्धं."

ग्लेनिसने सालींकडे बोट दाखवलं. "हे अर्धं नाही."

"ते दुसरं तिचं आहे," थिओ म्हणाले. "मी संपवतो."

ग्लेनिसने विचारलं, कधीपासून. थिओंनी सांगितलं. कॉफी उतू गेली तेव्हा दोघांपैकी कुणालाच उठायचं सुचलं नाही.

त्याच आठवड्यात रक्त तपासलं. डॉक्टरने काही दिवस गोळी थांबवली, पुन्हा रक्त पाहिलं, आणि मग तीच गोळी कमी मात्रेत सुरू केली. दुसऱ्या जातीची गोळी पूर्वी देऊन पाहिली होती, ती थिओंना सोसली नव्हती. हृदयाच्या धमनीत स्टेंटची जाळी बसवलेली, त्यामुळे गोळीशिवाय राहायची सोय नव्हती. फळ मात्र पूर्ण बंद. अर्धंही नाही. फोडही नाही.

"गोळी फेकून दे," पांदेली म्हणाले. "फळ खा. गोळी काही तुझ्या बायकोने लावलेली नाही."

"आणि मेलो म्हणजे?"

"म्हणजे तिच्याजवळ. तुझं काय बिघडलं?"

पांदेली चेष्टेने बोलले, पण थिओ त्यावर विचार करत राहिले. मला ते कळलं, कारण पुढचे काही दिवस ते रोज सकाळी फळ कापून दोन्ही बश्या मांडायचे आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. खायचे नाहीत, उठायचेही नाहीत. एकदा चमचा उचललेला मी पाहिला. तो त्यांनी परत ठेवला. तिच्या झाडाजवळ राहायचं, तर तिच्या झाडाचं खायचं नाही. एवढं सरळ होतं ते, आणि ते सरळ असल्याचाच त्यांना राग होता.

मग त्यांनी व्हरांड्यात बसणंच सोडलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाव आणि थोडं चीज खायचे, ओट्याकडे तोंड करून. आमच्या खिडकीतून ती दोन खुर्च्यांची रिकामी जागा दिसायची. दोघांपैकी एक गेलं तेव्हाही ती इतकी रिकामी वाटली नव्हती.

ग्लेनिस दर आठवड्याला यायची. पोटऱ्या ताणायला शिकवलं, व्हरांड्याचा खांब धरून, टाच जमिनीला टेकवून. संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मांड्यांवर. भरपूर पाणी. धुरावलेले सॉसेज कमी, मसूर आणि मासे जास्त. लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर तिला तत्काळ फोन. आणि चालायचं.

थिओ पहिल्याच दिवशी कालव्याच्या बांधावरून थेट पांदेलींच्या बागेपर्यंत गेले आणि परत येता येईना. पांदेलींनी त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणून सोडलं.

"तुम्ही तोडणीला निघालात की फिरायला?" ग्लेनिस कडाडली. "फाटकापर्यंत. तिथून परत. दुखलं नाही तर पुढच्या आठवड्यात टपालपेटीपर्यंत."

"फाटकापर्यंत काय चालायचं? तिथे आहे काय?"

"काही नाही. म्हणूनच जमेल."

ते फाटकापर्यंत जायला लागले, मग टपालपेटीपर्यंत, मग कालव्यावरच्या पंपापर्यंत. वसंत आला, आणि मॅगपाय पक्ष्यांनी पिल्लांसाठी डोक्यावर झडप घालायला सुरुवात केली. तेव्हा थिओंनी आइस्क्रीमचा रिकामा डबा घेतला, त्याच्या मागच्या बाजूला दोन मोठे काळे डोळे काढले आणि तो डोक्यावर घालून चालू लागले. डोळे आपल्याकडे बघताहेत असं वाटलं की हे पक्षी मागून झडप घालत नाहीत, म्हणून आमच्याकडे पोरंटोरं असंच करतात. सकाळच्या उन्हात, बांधावरून, डोक्यावर डबा आणि हातात काठी घेतलेला तो उंच म्हातारा लांबून येताना दिसायचा, आणि वळून परत जाताना डब्यावरचे ते दोन डोळे आमच्याकडे बघत राहायचे.

पाय हळूहळू सुटत गेले. त्यांच्या लक्षात आलं ते एका गोष्टीवरून. एक दिवस बुटांच्या नाड्या बांधून झाल्यावर त्यांना कळलं की त्या वाकून बांधल्या, बसून नाही.

त्या सुमाराला ते एकदा कुंपणाशी आले. पलीकडे मी होते. बराच वेळ हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "ती माझ्या बशीतल्या फोडी खायची. तुला आठवतंय?"

"आठवतंय ना."

"खोक्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती म्हणे, फळ खाऊ नका अशी. ग्लेनिसने दाखवली. स्टामातियाला इंग्रजी फारसं वाचता यायचं नाही. पण चित्र असेल, कुणी औषधाच्या दुकानात सांगितलं असेल." मग हळूच म्हणाले, "मी तिला अधाशी म्हणायचो."

"विचारलं असतं तर सांगितलंही नसतं थियाने," मी म्हणाले.

"नसतंच सांगितलं," ते म्हणाले. "पण मी विचारलं असतं."

ऑक्टोबरमध्ये मानोली आला. संध्याकाळी थिओंनी त्याला व्हरांड्यात बोलावलं, खुर्चीत बसले, हात छातीवर घडी घालून ठेवले आणि उठले. सावकाश उठले. एका गुडघ्यातून आवाज आला. पण उठले. मग काही न बोलता पुन्हा बसले आणि पुन्हा उठले.

"बस, बाबा. पाहिलं मी."

"तिसऱ्यांदा दाखवू?"

"नको." मानोली हसला आणि मग कठड्याला टेकून बागेकडे बघत राहिला. "मी पडदे लावून घेतले होते त्या खोलीला," तो म्हणाला. "निळे. आईला आवडायचे तसे."

मुलाचं लग्न मोडलेलं होतं, त्याच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. हे थिओंना ठाऊक होतं, पण त्या मागच्या खोलीच्या संदर्भात ते त्यांच्या डोक्यात आत्ताच आलं असावं.

सकाळी झाडावरची शेवटची फळं उरली होती, जास्त पिकून गोड झालेली. थिओंनी एक तोडलं, कापलं, वाकड्या सुरीने फोडी सोडवल्या आणि दोन बश्या मांडल्या. एक मानोलीसमोर, एक थियाच्या जागी. मानोलीने आपलं अर्धं संपवलं.

"हे?" त्याने दुसरीकडे बोट दाखवलं. "टाकायचं? मी खाऊ का?"

"नको," थिओ म्हणाले. "ते असू दे."

मानोलीने बापाकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि बॅग उचलली. गाडीपाशी दोघांनी एकमेकांना मिठी मारली. थिओ म्हणाले, नाताळात मी येतो तुझ्याकडे, चार दिवस राहीन, पडदे बघतो. मानोली म्हणाला, ये. गाडी फाटकाबाहेर वळली, आणि मातीच्या रस्त्यावरची धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

मी कपडे वाळत घालायला बाहेर आले तेव्हा थिओ व्हरांड्यात आपल्या खुर्चीत बसले होते. किती तरी दिवसांनी तिथे बसलेले दिसले. समोरच्या बशीत ते अर्धं होतं, कापलेला भाग वर, रस साचलेला. घर त्यांचं राहिलं होतं, झाड त्यांचं राहिलं होतं, आणि त्या दोन्हींत दुसरं कुणीही नव्हतं. एक हिरवा-लाल राघू झाडावरून उतरला, टेबलाच्या कडेवर बसला, मग बशीच्या काठावर. एक फोड ओढून त्याने इकडे तिकडे पाहिलं. थिओंनी त्याला हाकललं नाही.

राघू खात राहिला. सालीची वाटी रिकामी होत आली तेव्हा थिओ उठले, हातांचा आधार न घेता, पायऱ्यांच्या कठड्याला लटकवलेला आइस्क्रीमचा डबा काढून डोक्यावर घातला आणि पायऱ्या उतरून पंपाच्या दिशेने चालू लागले.